क्रेडिट कार्डाची थकबाकी हप्त्यांत बदलून देणारी सेवा : ओढाताणीच्या काळातला अनुभव आणि हिशेब

क्रेडिट कार्डाची संपूर्ण थकबाकी ठरावीक मासिक हप्त्यांत बदलून देण्याची सेवा आता बहुतेक सगळ्या मोठ्या बँका देतात, परंतु घरात पगार नियमित येत असताना तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. माझ्या यजमानांचे चाकण औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी काम थांबले, त्याच सुमारास सासूबाईंच्या शस्त्रक्रियेचे बिल माझ्या कार्डावर गेले, आणि महिन्याची तोंडमिळवणी जमेना, तेव्हा ही सेवा आम्ही घेतली. बँकेचे नाव मी येथे देत नाही. दरात आणि शुल्कात थोडाफार फरक असला तरी या सेवेची रचना सगळीकडे जवळपास सारखीच असते, आणि जे सांगायचे आहे ते त्या रचनेविषयीच आहे. माझे मत आधीच नोंदवते: सेवा घेण्याजोगी आहे, बुडत्या घराला तिने खरोखर हात दिला, मात्र ती पहिला भरणा चुकण्याआधी मागावी लागते, आणि फोनवर ऐकवला जाणारा दर हा तिचा पूर्ण दर नसतो.

सेवेचे मोल कळण्यासाठी आधी तिच्याविना काय होते ते पाहावे लागेल. समजायला सोपे जावे म्हणून थकबाकी दीड लाख रुपये धरते. आमची रक्कम याच्या आसपासच होती. कार्डावरील व्याज दरमहा ३.६ टक्के, म्हणजे वर्षाला ४३.२ टक्के. दीड लाखावर एका महिन्याचे व्याज ५,४०० रुपये होते आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ९७२ रुपये लागतो. घरकर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, कार्डाच्या व्याजावर तो असतो, ही गोष्ट पुष्कळ जणांना बिल हातात पडेपर्यंत ठाऊक नसते. आता बिलावरची ‘किमान देय रक्कम’ पाहू. ती आमच्या बँकेत थकबाकीच्या पाच टक्के, म्हणजे ७,५०० रुपये होती. त्यातून व्याज आणि कर मिळून ६,३७२ रुपये वजा केले की मुद्दलातून फिटतात ते जेमतेम अकराशे रुपये. हा हिशेब ढोबळ आहे, कारण प्रत्यक्षात व्याज दिवसागणिक मोजले जाते. पण चित्र बदलत नाही. पाच वर्षे एकही महिना न चुकवता केवळ किमान रक्कम भरत राहिले तरी निम्म्याहून अधिक कर्ज डोक्यावर शिल्लक राहते, आणि तेही त्या पाच वर्षांत कार्डावर एका रुपयाची नवी खरेदी केली नाही तर.

बिलाच्या पहिल्या पानाची मांडणी याबाबतीत मला मनापासून खटकते. किमान देय रक्कम वरच्या चौकटीत ठळक अक्षरांत असते, तिच्या शेजारी भरण्याची अंतिम तारीख असते, आणि केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड अनेक महिने किंवा वर्षे लांबेल व त्यावर चक्रवाढ व्याज लागेल हा इशारा मात्र आमच्या बिलावर तळाशी, चष्मा लावूनही डोळे बारीक करून वाचावा लागेल अशा अक्षरांत होता. हा इशारा छापणे रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी बंधनकारक केलेले आहे, म्हणून तो असतो. तो ग्राहकाच्या नजरेस पडावा अशी तळमळ मात्र त्या पानावर कोठेही दिसत नाही. व्याजाच्या दराला वरची मर्यादा असावी की नाही, हा वादही आता मिटलेला आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती, पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. त्यामुळे दर कमी करून घेण्याचा ग्राहकाच्या हातातला व्यवहार्य मार्ग म्हणजे थकबाकी कार्डाच्या व्याजातून बाहेर काढून दुसऱ्या, स्वस्त चौकटीत नेणे, एवढाच उरतो.

हप्त्यांत बदलण्याची सेवा नेमके हेच करते. दीड लाखाची थकबाकी वार्षिक १६ टक्के दराने, घटत्या शिलकीवर, म्हणजे न फिटलेल्या मुद्दलावरच व्याज मोजून, २४ महिन्यांसाठी बदलून घेतली, तर हप्ता सुमारे ७,३४४ रुपये येतो. पहिल्या महिन्यात व्याज २,००० रुपये, त्यावर जीएसटी ३६० रुपये, आणि मुद्दलातून फिटतात ५,३४४ रुपये. म्हणजे खिशातून जाणारी रक्कम ७,७०० रुपयांच्या घरात, किमान देय रकमेहून दोनशे रुपयेच जास्त; परंतु मुद्दल फिटण्याचा वेग जवळपास पाचपट. शिवाय शेवटचा हप्ता कोणत्या महिन्यात जाणार हे पहिल्याच दिवशी ठरते. उत्पन्न निम्म्यावर आलेल्या घरात हे ठरलेले असणे किती महत्त्वाचे असते, ते दर महिन्याला बिल उघडताना धास्तावलेल्या माणसालाच कळेल. त्या काळात आमच्या घरी किराण्याची यादी, शाळेची फी आणि हा हप्ता एकाच वहीत लिहिला जाई, आणि हप्त्याच्या ओळीतला आकडा दर महिन्याला बदलत नसे, एवढ्यानेही मनावरचा ताण उतरला.

मुदत किती घ्यावी, याविषयी बँकेचा आग्रह नेहमी लांब मुदतीकडे असतो, कारण हप्ता लहान दिसतो. ३६ महिन्यांच्या मुदतीत हप्ता सुमारे ५,२७४ रुपयांवर येतो खरा, पण एकूण व्याज २६,२०० वरून ३९,८०० रुपयांच्या पुढे जाते, आणि त्यावरचा कर वेगळा. हातात खरोखरच पैसे नसतील तर लांब मुदत घ्यावीच. हप्ता चुकण्यापेक्षा जास्त व्याज परवडते. पण हप्ता लहान म्हणजे सौदा स्वस्त, अशा समजुतीने ती घेऊ नये.

आता सेवेतील उणिवा. पहिली आणि सर्वांत गंभीर उणीव म्हणजे दर सांगण्याची पद्धत. बँकेच्या वतीने आलेल्या फोनवर मला “मॅडम, फक्त ०.८ टक्के महिना पडतो, वर्षाला दहा टक्केसुद्धा नाही” असे सांगण्यात आले. हा दर सपाट होता, म्हणजे तो फिटत जाणाऱ्या मुद्दलावर नव्हे, तर शेवटच्या महिन्यापर्यंत मूळ दीड लाखावरच मोजला जाणार होता. दरमहा १,२०० रुपये व्याज आणि ६,२५० रुपये मुद्दल मिळून हप्ता ७,४५० रुपये होतो, आणि घटत्या शिलकीच्या हिशेबाने तो दर वर्षाला साडेसतरा टक्क्यांच्या आसपास जातो. फोनवरचा दहा टक्क्यांखालचा दर आणि बँकेच्या ॲपवर दिसणारा १६ टक्के दर यांत ॲपवरचाच स्वस्त होता, हे हप्त्याचे दोन्ही आकडे शेजारी लिहिल्याशिवाय कोणाच्याही लक्षात येणार नाही. म्हणून फोनवर दर विचारण्यापेक्षा हप्ता किती, महिने किती, प्रक्रिया शुल्क किती आणि कर धरून शेवटी एकूण किती रुपये जाणार, एवढेच विचारावे, आणि उत्तर ईमेलवर मागावे. हप्त्यांत बदलण्यापूर्वी मुद्दल आणि व्याज स्पष्टपणे दाखवणे, आणि नंतर बिलातही ते वेगळे दाखवणे हे कार्ड देणाऱ्या बँकेचे कर्तव्य आहे, त्यामुळे ही मागणी करताना संकोच वाटण्याचे काही कारण नाही.

प्रक्रिया शुल्काचा उल्लेख फोनवर झालाच नाही. ते एक टक्का, म्हणजे १,५०० रुपये, आणि त्यावर २७० रुपये कर असे होते. २४ महिन्यांचे व्याज सुमारे २६,२६७ रुपये, त्यावरील जीएसटी सुमारे ४,७२८ रुपये आणि हे १,७७० रुपये मिळून दीड लाखाच्या कर्जावर एकंदर ३२,७०० रुपयांहून थोडे अधिक जातात. कार्डाच्या मूळ व्याजाने एवढी रक्कम सहा महिन्यांच्या आतच निघून गेली असती, म्हणून सौदा माझ्या मते वाजवीच आहे. पण वाजवी सौदाही पूर्ण सांगूनच करायला हवा, आणि फोनवरची मंडळी तो पूर्ण सांगत नाहीत. ॲपवर मात्र अंतिम संमती देण्याआधीच्या पानावर हप्ता, दर आणि शुल्क हे सगळे दिसत होते. त्यामुळे फोनवर होकार देण्याऐवजी ॲपवरून किंवा शाखेत जाऊन ही सेवा घ्यावी, असा माझा सल्ला राहील.

शाखेचा अनुभव याहून पुष्कळ बरा होता. शाखेतील कर्मचाऱ्यांना कार्डाच्या खात्यात थेट काही करता येत नाही, ते काम कार्ड विभागाकडून होते, तरीही तेथील एका अधिकारी बाईंनी माझे बिल समोर घेतले, पेन्सिलीने दोन आकड्यांखाली रेघ ओढली आणि म्हणाल्या, “ताई, खातं नियमित आहे तोवर हा पर्याय तुमच्या हातात आहे. एकदा का भरणा चुकला आणि खातं वसुलीकडे गेलं, की मग दर तेच ठरवतात आणि तुम्हाला फक्त हो म्हणायचं असतं.” या सेवेविषयी जे काही मी ऐकले, वाचले, त्यातले सर्वांत उपयोगी वाक्य हेच होते. ॲपवरची तयार सवलत भरणा नियमित असलेल्या खात्यांनाच दिसते. थकबाकी वाढत गेली की ती दिसेनाशी होते. किमान देय रकमेचा भरणा अंतिम तारखेपासून ९० दिवसांच्या आत पूर्ण झाला नाही तर ते खाते अनुत्पादक, म्हणजे बँकेच्या लेखी बुडण्याच्या वाटेवरचे, ठरते. त्यानंतर जी पुनर्रचना मिळते तिची नोंद पतअहवालात, म्हणजे आपल्या कर्जफेडीचा इतिहास दाखवणाऱ्या अहवालात, पुनर्रचना म्हणूनच होऊ शकते, आणि पुढे घरकर्ज मागायला गेल्यावर ती नोंद आडवी येते. नोकरी गेल्याचे बँकेला सांगितले तर कार्ड बंद करतील, या भीतीने लोक गप्प राहतात आणि सवलतीची वेळ निघून जाते. आमच्या सोसायटीतच असे एक घर माझ्या डोळ्यांसमोर आहे. कार्डाची मर्यादा तर अशीही अडकतेच, कारण हप्त्यांत बदललेली रक्कम फिटेपर्यंत तेवढी मर्यादा वापरता येत नाही. तंगीच्या काळात ही गोष्ट मला गैरसोयीपेक्षा सोयीचीच वाटली.

सेवा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या बिलात एक धक्का बसला, आणि तो बहुधा प्रत्येकाला बसत असेल. थकबाकी हप्त्यांत बदलली त्या दिवसापर्यंतचे जुन्या दराचे व्याज त्या बिलात वेगळे आले होते. हे नियमाला धरूनच आहे, पण याची पूर्वसूचना कोणीही दिली नव्हती, त्यामुळे त्या महिन्याचा भरणा हप्त्याच्या आकड्याहून बराच मोठा निघाला. त्याच बिलात विलंब शुल्कही लावलेले होते, आणि ते चुकीचे होते. भरणा अंतिम तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक रखडला तरच विलंब शुल्क लावता येते किंवा पतअहवाल तयार करणाऱ्या पतमाहिती कंपनीकडे थकीत अशी नोंद पाठवता येते, हा नियम रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत आहे, आणि शुल्क संपूर्ण बिलावर नव्हे, तर अंतिम तारखेनंतर थकीत राहिलेल्या रकमेवरच लावायचे असते. आमचा भरणा या मुदतीत पोहोचला होता. मी भरण्याचा संदर्भ क्रमांक आणि तारीख लिहून ईमेल केला. पहिले उत्तर छापील मजकुराचे आले, म्हणून तोच ईमेल बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठवला, तेव्हा शुल्क आणि त्यावरील कर परत जमा झाला. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार विनाशुल्क करता येते, १४४४८ या क्रमांकावर त्याची माहितीही मिळते. मला तेथवर जावे लागले नाही, परंतु दुसऱ्या ईमेलमध्ये लोकपालाचा उल्लेख केल्यावर उत्तराची भाषा आणि गती दोन्ही बदलली, एवढे नक्की.

या सेवेची तुलना ज्या पर्यायांशी करायला हवी, त्यांत तडजोडीचा पर्याय सर्वांत आकर्षक दिसतो आणि माझ्या मते तो शेवटीच विचारात घ्यावा. तडजोडीत बँक थकबाकीचा काही भाग सोडून देते आणि उरलेली रक्कम एकरकमी घेते, पण पतअहवालात खाते ‘बंद’ असे न दिसता ‘सेटल्ड’ असे दिसते, आणि पुढचे कर्ज देणारी बँक तो शब्द पाहूनच मागे सरते. ज्यांच्याकडे उत्पन्नच उरलेले नाही, त्यांच्यासाठी तडजोड हा प्रामाणिक मार्ग आहे. त्यांनी तो राष्ट्रीय लोकअदालतीत घ्यावा. तेथे दाव्यापूर्वीची प्रकरणेही घेतली जातात, न्यायालयाचे शुल्क लागत नाही, आणि झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते. मात्र समाजमाध्यमांवर जाहिराती करणाऱ्या ज्या कर्जमुक्ती संस्था “हप्ते भरणे थांबवा, पैसे आमच्याकडे जमा करा, आम्ही निम्म्यात मिटवू” असे सांगतात, त्यांच्यापासून मी कळकळीने सावध करीन. भरणा थांबवल्याक्षणी व्याज, शुल्क आणि पतअहवालातील नोंद हे सगळे ग्राहकाच्याच नावावर चढत जाते, आणि संस्थेचे शुल्क त्याआधीच गेलेले असते.

वसुलीच्या फोनांना घाबरून अनेक जण अशा संस्थांच्या हाती लागतात, म्हणून एवढे येथे सांगणे आवश्यक वाटते की वसुली प्रतिनिधींनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर फोन करू नये, नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना छळू नये, असे रिझर्व्ह बँकेने स्पष्ट बजावलेले आहे. केवळ कार्डाचे कर्ज फेडता आले नाही म्हणून अटक होत नाही, ती दिवाणी बाब आहे. दिलेला धनादेश किंवा खात्यातून परस्पर वळता होणारा हप्ता शिल्लक नसल्याने परत गेला तर मात्र कायदा वेगळा लागू होतो, म्हणून खात्यात पैसे नसताना वसुलीवाल्याच्या दडपणाखाली धनादेश लिहून देऊ नये.

बँकेच्या १६ टक्क्यांहून स्वस्त पैसा घरातच असू शकतो, तो आधी पाहावा. महाराष्ट्रात कारखाने, महापालिका, शाळा यांतील पगारदार नोकरांच्या सहकारी पतसंस्था आहेत आणि सभासदाला तेथे मिळणारे कर्ज कार्डाच्या मानाने पुष्कळ स्वस्त पडते. यजमानांचे काम कंत्राटी असल्याने हा मार्ग आम्हाला मोकळा नव्हता. सोनेतारण कर्ज, आयुर्विमा पॉलिसीवरील कर्ज आणि सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या (पीपीएफ) खात्यावर तिसऱ्या ते सहाव्या आर्थिक वर्षात मिळणारे कर्ज हेही पर्याय आहेत. आम्ही सासूबाईंच्या पाटल्यांचा विचार केला होता आणि त्यांनी स्वतःहून त्या पुढेही केल्या होत्या, पण उत्पन्नाचा भरवसा नसताना दागिना सोडवून आणता येईल की नाही याची खात्री नव्हती, म्हणून तो पर्याय बाजूला ठेवला. जास्त व्याजाचे तारणाविना कर्ज आणि कमी व्याजाचे तारणासह कर्ज यांत केवळ दर पाहून निवड करू नये, असे माझे ठाम मत आहे.

गुण द्यायचे तर सेवेच्या मूळ रचनेला मी पाचपैकी साडेचार देईन, ॲपला चार, शाखेतील माणसांना पाच, आणि फोनवरील विक्रीला एक. माहिती आणि अटी मराठीत मिळाल्या असत्या तर ॲपलाही मी अधिक दिले असते. शाखेतील अर्ज मराठीत मिळतो, पण हप्त्यांचे वेळापत्रक आणि अटींचे पान केवळ इंग्रजीत येते, आणि सासूबाईंच्या पिढीतल्या कार्डधारकाने ते कोणाकडून वाचून घ्यायचे, हा प्रश्न बँकेने स्वतःला विचारायला हवा.

मुदतपूर्व फेडीविषयी शेवटचा मुद्दा. यजमानांना आता पुन्हा काम मिळाले आहे आणि उरलेली रक्कम एकदम भरून टाकावी का, हा विचार घरात झाला. मुदतपूर्व फेडीवर उरलेल्या मुद्दलाच्या तीन टक्के शुल्क आणि त्यावर कर आहे. वरच्याच उदाहरणात बारा हप्ते उरलेले असताना मुद्दल सुमारे ८०,९०० रुपये असते, त्यावर शुल्क आणि कर मिळून २,८६५ रुपयांच्या आसपास जातात, आणि वाचणारे व्याज व कर सुमारे ८,४८० रुपये असतात. म्हणजे साडेपाच हजारांहून अधिक फायदा होतो. चारच हप्ते उरले असताना हा फायदा जेमतेम शंभर-सव्वाशे रुपयांवर येतो. तेव्हा रक्कम हातात आली तर मुदतीच्या पूर्वार्धातच भरावी, शेवटच्या चार महिन्यांत तीच रक्कम बचत खात्यात राहू द्यावी, आणि दोन्ही परिस्थितींत शेवटी बँकेकडून देणे नसल्याचे पत्र घेऊन, वर्षातून एकदा विनामूल्य मिळणाऱ्या पतअहवालात त्या रकमेपुढे शून्य लागले आहे याची खात्री करून घ्यावी.